विटकरी म्हणजे विटकरीच!

रंगसंगती ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, असं मी अगदी परवापरवापर्यंत मानत होतो. नुसता मानत नव्हतो, चारचौघांत बोलूनही दाखवत होतो! "रंग म्हणजे असतं तरी काय हो?" मी म्हणायचो. "तीन आकडे! लाल किती, हिरवा किती, निळा किती. झाला रंग तयार! त्यात एवढं केस वाढवून आभाळाकडे बघत बसण्यासारखं काय आहे?"

मी प्रोग्रामर आहे. घरूनच काम करतो. बेडरूमच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. कॉफीच्या रिकाम्या कपांमुळे ते सहसा दिसत नाही, पण आहे. माझे प्रोग्राम चोख चालतात, ते बंद पडल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. तक्रार असते ती ते कसे दिसतात याची. "तुझं सॉफ्टवेअर म्हणजे पोस्टातली खिडकी!" असं बायको म्हणते. मी दुर्लक्ष करतो. माझ्या पायांत कधीकधी दोन वेगळ्या रंगांचे मोजे असतात हे खरं आहे, पण ते अंधारात कपाट उघडल्यामुळे! आणि मध्यंतरी मी कॉम्प्युटरवर बघून सोफ्याच्या उशांना अभ्रे मागवले ते भलत्याच रंगाचे आले, हेही खरं आहे. पण त्यात चूक दुकानदाराची होती. मी ते पुन्हा पुन्हा परत केले आणि पुन्हा पुन्हा तोच भलता रंग आला. शेवटी मी त्या दुकानदाराला असं खरमरीत पत्र लिहिलं की त्याने उत्तरच दिलं नाही.

तर, या सगळ्यात आमच्या आकडसासूबाई कशा आल्या ते सांगतो. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. बायको त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही ताई म्हणतो. सासूबाईंनी मला केव्हाच सोडून दिलं, ताईंनी अजून सोडलेलं नाही. ताई दातांच्या डॉक्टर आहेत. मूर्ती लहान, आवाज मोठा. त्यांच्यासमोर मी शक्यतो तोंड मिटून बसतो, कारण बोलायला म्हणून उघडलं की त्या आत डोकावतात!

ताई नवा, मोठा दवाखाना उघडणार होत्या. पेशंटनी फोनवरून वेळ ठरवायची, दवाखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर कुणाचा नंबर आहे ते दिसायचं, असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. त्याचं पोट मी केव्हाच तयार करून ठेवलं होतं. राहिला होता चेहरा. रंगरूपाचं काम ताई एका बाहेरच्या कंपनीला देणार होत्या, आणि त्यात मला काहीच अडचण नव्हती. पण एके दिवशी बायको फोनवर बोलताना माझ्या कानावर आलं:

"ताई, बाहेरच्यांना कशाला देतेस? हा करेल की सगळं! ...हो गं, रंगसुद्धा! ...नाही नाही, त्या सुताराचं वेगळं होतं! ...बरं बाई, नाही जमलं तर मला बोल, मग तर झालं?"

त्या सुताराबद्दल सांगायला हवं. बायकोच्या शब्दावर ताईंनी एका सुताराकडून स्वयंपाकघरात कपाट करून घेतलं. कपाट देखणं होतं. फक्त फ्रिज बाजूला सरकवल्याशिवाय त्याचं दार उघडत नव्हतं. अजूनही नाही उघडत! ताईंच्या घरी पाहुणे आले, साखर काढायची वेळ आली, की ताई फ्रिजला खांदा लावतात आणि धापा टाकत सगळ्यांना सांगतात, "माझ्या धाकट्या बहिणीने सुचवलेला सुतार बरं का!" बायको त्या वेळी खिडकीबाहेर बघत असते. तिला ते फार लागतं. ती दाखवत नाही, पण परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलत नाही.

आता त्याच बायकोने माझ्यासाठी शब्द टाकला होता. माझ्या मोज्यांसकट! मला भरून आलं, आणि भरून आलं की मी बढाया मारतो.

"तू निश्चिंत राहा," मी म्हणालो. "ताई बघतच राहतील असे रंग देतो!"

"बघत राहतील याचीच मला भीती आहे," बायको म्हणाली.

मी कामाला लागलो. सुरुवात अर्थातच शास्त्रीय! एक छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याला एक रंग द्यायचा, तो हिशेब करून त्याच्याशी जुळणारे आणखी दोन काढून देणार. रंगांचं वर्तुळ, त्यातले कोन, सगळं गणित मांडलं. प्रोग्रामने झटक्यात तीन रंग दिले. मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"हे काय आहे?"

"रंगसंगती."

"कुणाची?"

"गणिताची! यात चूक असूच शकत नाही!"

"मग गणितालाच दाखव. दात दुखत असलेल्या माणसाला नको दाखवूस." तिने खुर्ची ओढून घेतली. "हे बघ, ते आकडे आधी झाकून ठेव. रंग आकड्यांनी निवडायचा नसतो, डोळ्यांनी निवडायचा असतो. शांत बसायचं, डोळ्यांना काय बरं वाटतं ते बघायचं. बस्स!"

मी आज्ञाधारक नवरा आहे. रंगाचे आकडे दाखवणारी ती चौकटच मी बंद करून टाकली आणि फक्त डोळे उघडे ठेवले. आणि काय सांगू! एकदा आकड्यांचा नाद सोडल्यावर मला रंग दिसायलाच लागले. तासन्‌तास मी एकेक रंग लावत होतो, मान तिरकी करत होतो, डोळे बारीक करत होतो. केस वाढवावेत की काय असाही विचार मनात येऊन गेला! शेवटी जमलं. पार्श्वभूमीला मऊ बदामी. त्यावर बटणं विटकरी. कडेला एक बारीक शेवाळी पट्टी. तापल्या दुपारी एखाद्या जुन्या बागेतल्या बाकावर बसावं तसं वाटत होतं. इथे आलेला पेशंट दात काढून घेईल आणि वर आणखी एक काढा म्हणेल!

बायको तेव्हा ऑफिसात होती. मला धीर कुठला! मी लगेच चित्र तिच्या फोनवर पाठवलं आणि पाठोपाठ फोन लावला.

"कसं आहे?"

तिने उत्तर द्यायच्या आत मीच पुढे विचारलं.

"अगं, विटकरी कसा वाटतो?"

"कुठला विटकरी?"

"बटणांचा!"

"बटणं जांभळी आहेत रे."

मी हसलो. "मागचं आकाशी, बटणं जांभळी," ती पुढे म्हणाली, "आणि कडेला हे पिस्त्याच्या आइस्क्रीमसारखं काय आहे?"

"बदामी, विटकरी, शेवाळी!"

"आकाशी, जांभळा, पिस्ता!"

"अगं, विटकरी म्हणजे विटकरीच! विटेसारखा!"

"अशी वीट मी जन्मात बघितली नाही. थांब, इथे विचारते." आणि तिने फोन कानाला लावून ठेवून सगळ्या ऑफिसला विचारलं! मला लांबून आवाज येत होते. जांभळा. जांभळाच. गडद जांभळा. कुणीतरी म्हणालं, "कुणाच्या बाळाचं बारसं आहे का?"

"ऐकलंस?" बायको म्हणाली.

"ऐकलं. तुमच्या ऑफिसात कुणालाच रंग कळत नाहीत!"

"अहो," बायको म्हणाली.

इथे एक खुलासा करतो. बायको मला एरवी 'अरे' म्हणते. 'अहो' म्हणाली की मी आधी उभा राहतो.

"अहो, काही लोकांना जन्मतःच रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतेय. आजच जाऊन यायचं!"

गेलो. डोळ्यांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. गेल्या वर्षी स्क्रीनकडे बघून बघून माझे डोळे चुरचुरायला लागले होते, तेव्हा त्यांच्याकडेच गेलो होतो. त्यांनी मला रंगीत ठिपक्यांचं एकेक पान दाखवलं. ठिपक्यांत आकडे दडलेले असतात, ते ओळखायचे. आकडे! मी असा धडाधड वाचत सुटलो की डॉक्टरांना पानं उलटायला वेळ पुरेना.

"रंगदृष्टी एकदम उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "शंका कुणी काढली?"

"बायकोने."

"अच्छा." त्यांनी समजुतीने मान हलवली. "आणि डोळे चुरचुरायचे, ते कसं आहे? मागे मी कॉम्प्युटरवर एक उपाय करून ठेवायला सांगितला होता, तो केलात का?"

"केला म्हणजे! त्याच दिवशी केला. तेव्हापासून बंदसुद्धा केलेला नाही!"

"छान. चालू द्या," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्याकडून माझे डोळे उत्तम असल्याचा कागद लिहून घेतला, सहीशिक्क्यासह! शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या मागे नीट घडी करून ठेवला. वाटेत ओळखीचा माणूस भेटला की हात आपोआप खिशाकडे जायचा.

संध्याकाळी बायको घरी आली. पर्स खाली ठेवायच्या आधी मी तिच्यापुढे कागद धरला आणि तिला हाताला धरून माझ्या टेबलापाशी नेलं. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. मग जवळ गेली. मग लांब गेली.

"अरे, इथे तर विटकरी आहे!"

"मग!"

"आणि हे बदामी आहे." तिने आपला फोन काढून बघितला. "फोनवर जांभळा."

"म्हणजे काय सिद्ध झालं?"

"काय?"

"तुझा फोन बिघडलाय!"

"आणि आमच्या अख्ख्या ऑफिसचे?"

"एकदमच घेतले असतील! एकाच गठ्ठ्यातले!"

बायकोला ते पटलं नव्हतं. पण सहीशिक्क्याच्या कागदापुढे ती काय बोलणार? मी तिचा फोन दुरुस्त करायला हात पुढे केला, तेव्हा तिने तो पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली. "माझ्या फोनला हात लावायचा नाही!"

मग मी आईकडे वळलो. माझी आई आमच्याबरोबरच राहते, गॅलरीतल्या खुर्चीत बसून फोनवर जगभरच्या वस्तू बघत असते. मी तेच चित्र तिलाही पाठवलं होतं. तिलाही ते जांभळं दिसत होतं, पण ती आई असल्यामुळे तिला जांभळंसुद्धा आवडलं होतं!

"आई, तुझा फोन निळा पडलाय. दे इकडे."

तिचा फोन माझ्या लॅपटॉपशेजारी धरला. फोनच्या सेटिंगमध्ये रंग कमीजास्त करायची एक पट्टी असते, ती सरकवत नेली, सरकवत नेली, पार टोकाला नेली. आणि दोन्हीकडचं चित्र तंतोतंत जुळलं. विटकरी!

"अगंबाई," आई म्हणाली, "सगळं कसं ऊन पडल्यासारखं दिसायला लागलं! शहाणा आहे माझा मुलगा. थांब, उद्घाटनाला तुला नवा शर्टच घेते. त्या तुझ्या बटणांच्या रंगाचा! चांगला विटकरी!"

मी म्हटलं घे. आईचं मन कशाला मोडा!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. खुर्च्या अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या, बसलं की कुरकुरत होत्या. समोरच्या भिंतीवर तो अवाढव्य टीव्ही. ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"या मेहुणे! दाखवा तुमची करामत. हिने फार कौतुक केलंय तुमचं." मग बायकोकडे वळून, "बघू या, सुताराच्या पुढे काही प्रगती आहे का!"

बायको हसली, पण तिने माझ्या बाहीचं टोक घट्ट धरलं होतं. मी लॅपटॉप उघडला, टीव्हीला तार जोडली आणि एखादा पडदा सारावा तसा हात फिरवला.

टीव्हीवर आकाशी, जांभळा आणि पिस्ता!

एवढ्या मोठ्या टीव्हीवर तो जांभळा भिंत सोडून खाली उतरल्यासारखा वाटत होता. ताईंचा सगळा पांढरा कोट जांभळट दिसायला लागला. पण माझ्या खिशात कागद होता!

"टीव्ही बिघडलाय," मी म्हणालो.

"कालच आणलाय!" ताई ओरडल्या.

"म्हणूनच! नवीन टीव्ही असेच असतात. रिमोट द्या."

आईचा फोन दुरुस्त केल्याचा अनुभव गाठीशी होता. मी खुर्चीवर चढलो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये घुसलो, इकडची पट्टी तिकडे, तिकडची इकडे. जांभळा हळूहळू उतरला, तांबूस झाला, आणि अखेर विटकरी झाला. बदामी आला. शेवाळी आला.

"घ्या!" मी खुर्चीवरूनच म्हणालो. "याला म्हणतात रंगसंगती!"

"छान आहे की," बायको हळूच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. ताईसुद्धा मान डोलवायला लागल्या होत्या. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आता पुढचं पान बघा, त्यावर तुमचा फोटो आहे," आणि बटण दाबलं.

टीव्हीवर, पुरुषभर उंचीचा, ताईंचा हसरा फोटो आला. पांढरा कोट, प्रसन्न चेहरा, खाली 'निरोगी दात, निर्मळ हास्य'. आणि ताईंचे दात हळकुंडासारखे पिवळे!

ताई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"माझे दात!" ताई म्हणाल्या.

"टीव्हीमुळे..." मी सुरुवात केली.

"टीव्ही तर तुम्ही आत्ता दुरुस्त केलात ना? मग तुमच्या कॉम्प्युटरवर कसे दिसतात बघू?" त्या लॅपटॉपवर वाकल्या. तिथेही हळकुंडच! "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझा हा फोटो असाच बघताय?"

"हो."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "तुमची कॉफी जास्त होत असेल."

बायकोने माझी बाही सोडली.

ताई तडक आत गेल्या आणि हातात एक पट्टी घेऊन बाहेर आल्या. त्या पट्टीला ओळीने दातांचे नमुने लावलेले होते, शुभ्र पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, एकाहून एक किंचित गडद. नवा दात बसवायचा झाला की शेजारच्या दाताचा रंग त्या या पट्टीवर जुळवून बघतात. रंग जुळवणं हा ताईंचा रोजचा धंदा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! त्यांनी आपला ओठ वर करून आरशात एक नमुना जुळवला. "हा माझा." मग तोच नमुना लॅपटॉपवरच्या फोटोशेजारी धरला. जुळेना. पुढचा धरला, त्याच्या पुढचा धरला. पट्टी संपली.

"सगळ्यात शेवटचा नमुना सुपारी चघळणाऱ्याचा आहे," ताई म्हणाल्या. "माझे दात त्याच्याही पलीकडे गेलेत! बरं, फोटो सोडा. साधं कोरं पांढरं पान उघडा बघू."

मी कोरं पान उघडलं. ताईंनी त्याच्यावर पांढऱ्यातला पांढरा दात धरला. दात चमकला, आणि मागचं पान, जे मी रोज दिवसभर बघतो, ज्याला मी पांढरं म्हणतो, ते वरणासारखं पिवळं दिसलं.

"मेहुणे," ताई म्हणाल्या, "हे पांढरं आहे?"

आणि मग मला डोळ्यांचे डॉक्टर आठवले. 'कॉम्प्युटरवर एक उपाय करून ठेवायला सांगितला होता...' त्यांनी सांगितलं होतं, की डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळी स्क्रीनवर पिवळसर छटा आणायची सोय असते, ती चालू करा. मी केली. पण रोज संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद, असली हमाली प्रोग्रामर करत नाही. मी ती कायमची चालू करून टाकली, पार टोकापर्यंत, आणि विसरून गेलो! वर्षभर मी सगळं जग त्या पिवळ्या पडद्याआडून बघत होतो! छटा फक्त माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर होती, फोनवर आणि टीव्हीवर जात होते ते खरेच रंग!

मी ती सोय बंद केली. लॅपटॉप एकदम लखलखला, पान पांढरंशुभ्र झालं. ताईंचे दात मोत्यांसारखे झाले. आणि माझा विटकरी? असा करकरीत जांभळा झाला, की मीच दचकून मागे सरलो!

"जांभळा," मी म्हणालो.

"मी तेच म्हणत होते," बायको म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. ती ताईंकडे वळली. "ताई, माझंच चुकलं. मी उगाच शब्द टाकला. तू त्या कंपनीलाच..."

आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. साखर काढताना बघते तशी.

मंडळी, हे मात्र मला सहन झालं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. मी ताईंना म्हणालो, "ताई, तिला काही बोलू नका. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्या ऑफिसने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मला आजचा दिवस द्या."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडंच ठेवलं होतं, पण त्या आत डोकावल्या नाहीत!

"आजचा दिवस म्हणजे आजचाच," त्या म्हणाल्या. "आणि रंग ती निवडेल. तुम्ही फक्त बटणं दाबायची."

मग आधी ताईंनी टीव्ही पुन्हा होता तसा करून घेतला. बायकोला खुर्चीवर बसवलं. ती सांगायची, मी लावायचो. "मागचं जरा मऊ हवं... अजून थोडं... हां! बटणं जरा मातीकडे झुकणारी... थांब, हीच! आणि कडेला बारीक काहीतरी, हिरव्याच्या जवळचं, पण गडद." बघता बघता टीव्हीवर ते तिन्ही रंग उभे राहिले. बदामी. विटकरी. शेवाळी!

"हेच!" मी किंचाळलो. "हेच! अगदी हेच मी निवडले होते!"

"सुरेख आहेत," ताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा!

"म्हणजे माझी निवड बरोबर होती! मला रंग कळतात!"

"कळतात ना?" बायको म्हणाली. "रंग म्हणजे तीन आकडे, असं कोण म्हणायचं? मग त्या जांभळ्याच्या आकड्यांत एवढा निळा होता तो तुला दिसला नाही?"

"आकडे तूच झाकायला सांगितले होतेस!"

हे वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. फक्त बोलायचं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली.

मी आणखी ताठ उभा राहिलो. पण ती हसत होती. ताईही हसत होत्या. निघताना ताई बायकोला म्हणाल्या, "सुतारापेक्षा बरा आहे गं. निदान दार उघडतंय!" परतीच्या वाटेवर बायको सारखी बोलत होती. उशांच्या अभ्र्यांबद्दल, आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराची माफी मागण्याबद्दल. पण बोलत होती!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली. तिच्या मांडीवर एक उघडलेलं पार्सल होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"अरे, मी फोनवर बघूनच मागवला रे. चांगला विटकरी दिसत होता. नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते कशाला वाचत बसू? डोळ्यांना दिसत होतं ना! आणि फोन तर तूच नीट करून दिला होतास."

तिने शर्ट उलगडला. जांभळा! माझ्या बटणांचाच जांभळा. आईचा फोन पुन्हा जागेवर आणायचा राहूनच गेला होता!

"परत पाठवू का?" आई म्हणाली. तिने त्याला स्वतः इस्त्री केलेली होती. कॉलर कडक उभी होती.

बायको दारात उभी राहून, हसू दाबायला पदर नव्हता म्हणून, हातातला टॉवेल तोंडात कोंबत होती. मी शर्ट अंगात घातला. दुसरं काय करणार?

दवाखाना माणसांनी भरला होता. मोठ्या टीव्हीवर बदामी, विटकरी, शेवाळी असं शांत, देखणं सॉफ्टवेअर चाललं होतं. लोक टीव्हीकडे बघून वा वा करत होते. मी कोपऱ्यात, एका कपाटाच्या आडोशाला उभा होतो, पण त्या शर्टाला आडोसा पुरत नव्हता. ताईंनी मला बरोबर हेरलं, दंडाला धरून मधोमध आणलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं:

"हे माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर बरं का! इथले सगळे रंग यांनीच निवडलेत!"

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा टीव्हीकडे. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खिडकी जवळच होती, पण ती बाहेर बघत नव्हती. चांगली ताठ मानेने सगळ्यांकडे बघत होती!

"सगळे?" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

"सगळे!" बायको म्हणाली.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, माझा शर्ट वरपासून खालपर्यंत नीट बघितला आणि माझ्या कानाशी येऊन मायेने म्हणाले, "बाळ, काम छान केलंस. पण डोळे एकदा दाखवून घे हं."

"दाखवलेत!" मी म्हणालो. "एकदम उत्तम आहेत! सहीशिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे, हा बघा, खिशातच..."

मी छातीवर हात नेला. आईने घेतलेल्या त्या शर्टाला खिसाच नव्हता!